गाडी उचलत नाही की ओढत नाही? पिकअप आणि ताकद यांतला गोंधळ

गॅरेजसमोर गाडी लावून जो तो एकच वाक्य बोलतो, "मिस्तरी, पिकअप राहिला नाही बघा." मिस्तरीही फार खोलात जात नाही. एअर फिल्टर काढतो, फुंकतो, हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा स्क्रू इकडे-तिकडे फिरवतो, स्टँडवरच दोन-चारदा मोकळी रेस देतो आणि "न्या" म्हणतो. तिथं गाडी झकास गुरगुरते. पुढं डबल सीट दौलताबादच्या घाटाला लागली की तीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडायला लागते.

तक्रार एकच वाटली तरी त्यात दोन आजार आहेत. रेस पिळल्याबरोबर इंजिन किती लवकर जागं होतं, हा झाला पिकअप. जागं झाल्यावर ते किती ओझं किती वेगानं ओढतं, ती झाली ताकद. गुलमंडीच्या गर्दीत रिक्षा आणि हातगाडी यांच्यामधली फट गाठायला पिकअप लागतो. मागं माणूस आणि पुढं टाकीवर खताचं पोतं ठेवून मांजरसुंब्याचा घाट चढायचा तर ताकद लागते. एकीवरचा इलाज दुसरीला लागू पडत नाही, आणि 'पिकअप वाढवून देतो' म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं या दोन्हींपैकी एकही वाढवत नाही.

दोन्ही गोष्टी वेगळ्या कशा, हे बुलेट आणि स्प्लेंडर शेजारी ठेवल्या की लगेच दिसतं. ३४६ सीसीच्या बुलेटला मिनिटाला ४००० फेऱ्यांवर २८ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा पिळ, मिळायचा. स्प्लेंडरच्या ९७.२ सीसी इंजिनाला ६००० फेऱ्यांवर जेमतेम आठ. म्हणजे पिळ साडेतीन पट. तरीही दोन्ही न्यूट्रलमध्ये उभ्या करून एकदम रेस द्या. स्प्लेंडर फटकन वर जाते, बुलेट सावकाश चढते आणि सावकाश उतरते. बुलेटचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या क्रँकवर फिरणारं चाक, जड असतं. दगडी जात्यासारखं ते फिरायला वेळ घेतं आणि एकदा फिरलं की लवकर थांबत नाही. पिकअप कमी, ताकद जास्त, आणि दोन्ही एकाच इंजिनात.

हे कळलेले काही हौशी लोक लेथवर फ्लायव्हील घासून हलकं करून आणतात. त्यानं रेस खरोखर चटकन चढते. पण ताकद कणभरही वाढत नाही, कारण इंजिनात जळणारं पेट्रोल तेवढंच राहतं. वर गाडी आयडलला, म्हणजे रेस न देता चालू असताना, थरथरते, क्लच सोडताना बंद पडते, आणि घासताना फ्लायव्हीलचा तोल गेला तर क्रँकचे बेअरिंग जातात. रोज कॉलेजला किंवा वाळूजला ड्युटीवर जायच्या गाडीला हा उद्योग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आरएक्स १०० चं नाव काढल्याशिवाय आपल्याकडं हा विषय संपत नाही, तर तेही उरकून घेऊ. ९८ सीसी, अकराच्या आसपास हॉर्सपॉवर. पुढं आलेल्या पल्सर १५० ला चौदा. तरी जुने लोक शपथेवर सांगतात की आरएक्ससारखी गाडी झाली नाही. त्यांच्या हाताला जे जाणवलं ते खोटं नव्हतं. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. गाडी अंगानं हलकी. आणि कार्बोरेटरमधली हवेची वाट उघडणारी स्लाइड सरळ केबलला बांधलेली, हात हलला की स्लाइड हलली. जुन्या कार्बोरेटरवाल्या पल्सर १५० मध्ये केबल फक्त झडप उघडते. स्लाइड वर खेचायचं काम इंजिनाची ओढ करते, त्यामुळे हात आणि इंजिन यांच्यामध्ये किंचित सबुरी येते. ही सबुरी कंपनीनं मुद्दाम ठेवलेली असते. ती काढायला गेलं की एकदम रेस दिल्यावर गाडी घुटमळते.

आपल्या गाडीला नेमकं काय झालंय

पैसे खर्च करण्याआधी एक मोकळा, सपाट, रहदारी नसलेला रस्ता गाठा. इंजिन गरम असू द्या. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीसच्या आसपास गाडी चालवत राहा आणि रेस एका दमात अर्ध्यापर्यंत उघडा. आता फक्त पहिल्या क्षणाकडं लक्ष द्या. गाडी आधी गप्प बसली, एक गचका दिला आणि मग नीट पळाली, तर ताकद ठीक आहे, पिकअप गेलाय. लगेच हुंकार आला पण पुढं वेग वाढेना, चढाला लागली की गिअर खाली घ्यावा लागला, तर पिकअप ठीक आहे, ताकद कमी पडतेय. आवाज वाढत गेला, फेरे वाढत गेले आणि गाडी मात्र आहे तिथंच, तर इंजिनाला शिव्या देऊ नका. क्लच प्लेट घसरतायत.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो. क्लच घसरत असताना स्टँडवर रेस कितीही दिली तरी गाडी उत्तमच वाटते.

ताकद कमी वाटली तर चाक उचलून हातानं फिरवून बघा. ब्रेक चिकटत असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, चेन कोरडी असेल, तर इंजिनानं दिलेली ताकद वाटेतच संपते. हे सगळं ठीक असेल आणि गाडी जुनी असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या. रिंगा किंवा वॉल्व्ह गेले असतील तर स्क्रू फिरवून काही होत नाही.

पिकअप घरच्या घरी परत मिळतो

मी 'परत मिळतो' म्हणतोय, 'वाढतो' नाही. बहुतेक गाड्यांचा पिकअप कंपनीनं कमी दिलेला नसतो, तो आपण दुर्लक्षानं घालवलेला असतो.

सुरुवात मुठीपासून करा. रेस हलक्या हातानं फिरवून बघा, केबल ताणली जाईपर्यंत मूठ २ ते ६ मिलिमीटर मोकळी फिरली पाहिजे. त्याहून जास्त ढिली असेल तर इंजिनाला निरोप पोचायलाच उशीर होतो. अगदी ताठ असेल तर हँडल वळवलं की रेस आपोआप वाढते. गाडी चालू ठेवून हँडल डावीकडं-उजवीकडं पूर्ण वळवून हे तपासता येतं. केबल आतून गंजून जड झाली असेल तर तेल सोडण्यापेक्षा सरळ नवी टाका, स्वस्त असते. मग चेन. चेन लोंबत असेल किंवा मागच्या ड्रममधले रबर झिजले असतील तर रेस देताना आधी ती ढिलाई भरून निघते आणि मग धक्का बसतो. हा धक्का चालवणाऱ्याला इंजिनाचा आळस वाटतो आणि तो कार्बोरेटर उघडून बसतो.

कार्बोरेटरवर दोन स्क्रू असतात आणि तिथं निम्मे लोक चुकतात. एक नुसता रेस धरून ठेवणारा, त्यानं आयडलचे फेरे कमी-जास्त होतात. दुसरा मिश्रणाचा, ज्याला सगळे एअर स्क्रू म्हणतात. गाडी बंद पडते म्हणून पहिला पिळत राहिलं की आयडल चढतं, दोष झाकला जातो आणि घुटमळणं तसंच राहतं. दुसरा फिरवण्याआधी तो हलक्या हातानं पूर्ण आत घ्या, किती फेरे आत गेला ते मोजून लिहून ठेवा आणि तेवढाच परत बाहेर आणा. आत घेताना जोर लावला की टोकाची सुई बसते, मग कार्बोरेटर कायमचा बिघडतो. आता गरम इंजिनावर पाव-पाव फेरा फिरवत जिथं आयडल सगळ्यात वर आणि एकसारखं होतं ती जागा धरा, मग रेसच्या स्क्रूनं आयडल खाली आणा. शंभर सीसीच्या गाड्यांना साधारण १४०० फेरे असतात.

एक खोच आहे. मिश्रणाचा हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो, म्हणून आत घेतला की पेट्रोल वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रण मोजतो, म्हणून बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. मित्रानं सांगितलं म्हणून "दोन फेरे बाहेर" करणाऱ्यांची गाडी काळा धूर सोडते किंवा घुटमळते ती यामुळेच. पीयूसीचं मशिनही आयडलवरच मोजतं, तिथं ती नापास होते.

आणि या स्क्रूची सत्ता आयडलपासून रेसच्या पहिल्या पाव भागापर्यंतच चालते. मधल्या भागात स्लाइडची सुई, पूर्ण रेसवर मेन जेट, म्हणजे पेट्रोलचं मुख्य छिद्र. सिग्नलवरून निघताना गाडी घुटमळते म्हणून मोठा मेन जेट टाकणाऱ्याला फक्त पेट्रोलचं बिल मोठं मिळतं. घुटमळण्याचं कारण साधं आहे: रेस एकदम उघडली की हवा हलकी म्हणून आधी धावते, पेट्रोल जड म्हणून मागं राहतं, आणि क्षणभर इंजिनाला नुसती हवा मिळते. आधीच पेट्रोल कमी लावलेलं असेल तर तो क्षण जाणवतो.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, आणि त्यातलं काही आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांचं असतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळं जुन्या कार्बोरेटरला तेच छिद्र कमी पडतं आणि मिश्रणात हवा जास्त होते. पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते, निव्वळ इथेनॉलला नऊच. जुनी स्प्लेंडर अलीकडं सकाळी घुटमळायला लागली असेल तर एअर स्क्रूवर अर्धा-पाव फेरा बघण्यासारखा असतो. प्लगचं टोक विटकरी-तपकिरी दिसलं पाहिजे. पांढरं म्हणजे पेट्रोल कमी, काजळी म्हणजे जास्त.

फिल्टर काढून टाकायचा सल्ला मात्र मराठवाड्यात कुणी देऊ नये. उन्हाळ्यात काळ्या रानाच्या कडेनं, फुफाट्याच्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला मी काय सांगू? फिल्टर काढला की आवाज मोठा येतो, गाडी पळाल्यासारखी वाटते, आणि तीच धूळ रिंगा आणि बोअर घासत राहते. पुढं सायलेन्सरमधून निळा धूर आला की इंजिनाचं काम काढावं लागतं. तेल लावलेला कागदी फिल्टर हवेनं फुंकूही नये, त्यातलं तेल उडतं; तो बदलायचाच असतो.

ताकद इतकी स्वस्त नसते

ताकद वाढवायची तर इंजिनाला जास्त हवा आणि तिला जोगतं जास्त पेट्रोल जाळावं लागतं. दुसरा रस्ता नाही. म्हणून मे महिन्यात गाडी मंद वाटते ती निव्वळ भावना नसते. ४२ अंशांची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा जवळपास दहा टक्के विरळ असते. परभणीत जानेवारीच्या पहाटे पळणारी गाडी मेच्या दुपारी तशी पळणार नाही, आणि त्यावर गॅरेजात इलाज नाही.

पुढची चक्री लहान करणं हा सगळ्यात लोकप्रिय उपाय. चौदा दात्यांच्या जागी तेरा दात्यांची बसवली तर चाकापर्यंत पोचणारी ओढ साडेसात टक्क्यांच्या आसपास वाढते, तेवढाच त्या-त्या फेऱ्यांवरचा वेग कमी होतो. घाटात बरं वाटतं. पण ना इंजिनाचा पिकअप बदलला ना ताकद, फक्त गिअरिंग बदललं. सोलापूर-धुळे महामार्गावर तीच गाडी सत्तरला ओरडायला लागते आणि ॲव्हरेज घसरतं. ज्याचा रोजचा रस्ता चढाचा आणि ओझ्याचा आहे, त्याला हा सौदा मी वाईट म्हणणार नाही. करायचा तर चेन आणि दोन्ही चक्र्या एकदम बदला.

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं तर ताकद खरंच वाढते, पण शंभर सीसीच्या गाड्यांचं कॉम्प्रेशनचं प्रमाण आधीच दहास एकच्या आसपास असतं. आपल्या उन्हात त्यावर चढवलं की चढावर खडखड सुरू होते, आणि पिस्टनला छिद्र पडायची तयारी होते. नुसता मोकळा सायलेन्सर लावला तर कार्बोरेटरला जेट न बदलता हवा जास्त मिळते, रेस सोडली की फट्-फट् होतं, आणि लोक त्या आवाजालाच ताकद समजतात. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या गोष्टींत असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी हेच बोट दाखवते.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी बहुतेकांना कार्बोरेटरच नाही. तिथं पेट्रोल किती द्यायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवतो आणि सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर त्याला उत्तर देत राहतो. बाजारात मिळणारी 'पिकअप चिप' म्हणजे बऱ्याचदा हवेच्या तापमानाच्या सेन्सरला फसवणारा एक रेझिस्टर असतो: हवा थंड आहे असं सांगून थोडं जास्त पेट्रोल काढून घेतो. एकसारख्या वेगात ऑक्सिजन सेन्सर ते परत कापतो. अशा गाडीचा पिकअप गेला असेल तर थ्रॉटल बॉडीच्या झडपेवर साचलेला काळा थर बघा. थ्रॉटल बॉडी क्लिनरचा फवारा आणि मऊ कपडा पुरतो. पॉलिश पेपर लावू नका, आणि झडप बोटानं जोरात उघडू नका, तिच्या सेन्सरची मोजणी चुकते.