कर्करोग आधारगट

कर्करोग झालेल्या वा त्यातून उठलेल्या व्यक्ती आणि त्यांचे काळजीवाहक यांनी ठरावीक काळाने एकत्र जमून आपापसांत बोलण्याची व्यवस्था. 'सपोर्ट ग्रुप', 'मदतगट', 'स्वमदत गट' ही नावेही चालतात. काही गट समुपदेशक किंवा वैद्यकीय समाजसेवक चालवतात, काही पूर्णपणे रुग्णांच्याच हाती असतात. एकाच प्रकारच्या कर्करोगाचा गट असतो, तसा सरमिसळही असतो. दहा-बारा माणसे, तास-दीड तास, आणि इथले बोलणे इथेच राहील हा करार, एवढे भांडवल गटाला पुरते.

या गटांची सुरुवात अगदी व्यावहारिक अडचणींतून झाली. शस्त्रक्रियेने ज्यांचे शरीर उघडपणे बदलले, ते आधी एकमेकांना शोधू लागले: स्वरयंत्र काढलेले, पोटावर स्टोमाची (मल-मूत्र बाहेर गोळा करणारी) पिशवी आलेले, स्तन गमावलेल्या स्त्रिया. अमेरिकेत टेरीज लॅसर यांनी स्वतःच्या स्तनोच्छेदनानंतर १९५२ मध्ये 'रीच टू रिकव्हरी' हा उपक्रम सुरू केला. हात पुन्हा वर कसा न्यायचा, ब्लाउजच्या आत काय भरायचे, नवऱ्याशी काय बोलायचे, हे शल्यचिकित्सकांनी त्यांना सांगितलेच नव्हते. लॅसर रुग्णालयांत जाऊन नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या बायकांना भेटत. सोबत तात्पुरता कृत्रिम स्तन आणि हाताच्या व्यायामासाठी रबरी चेंडू व दोरी असे. काही डॉक्टरांना ही लुडबुड वाटली आणि लॅसरबाईंना बाहेरची वाटही दाखवण्यात आली. पुढे १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हाच उपक्रम आपलासा केला.

नियमित जमणाऱ्या गटांचा पद्धतशीर अभ्यास १९७०च्या दशकात सुरू झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ अर्व्हिन यालोम आणि डेव्हिड स्पीगल यांनी स्तनकर्करोग शरीरात पसरलेल्या स्त्रियांचे गट चालवले. गटात मृत्यूविषयी उघड बोलल्याने या बायका खचतील, अशी तेव्हा भीती होती. तसे झाले नाही. त्यांची घालमेल उलट कमी झाली. मग १९८९ मध्ये स्पीगल यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ८६ स्त्रियांचे निष्कर्ष मांडले. वर्षभर दर आठवड्याला गटात येणाऱ्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, न येणाऱ्या १८.९ महिने. मन आयुष्य वाढवते हा दावा खोडायलाच स्पीगल निघाले होते, म्हणून या आकड्यांचा गवगवा अधिकच झाला.

आकडे पुढे टिकले नाहीत. कॅनडात पामेला गुडविन यांच्या चमूने २३५ स्त्रियांवर केलेला अभ्यास २००१ मध्ये आला: गटात असलेल्यांचे मध्यक आयुर्मान (निम्म्या जणी ज्यापुढे जगल्या तो काळ) १७.९ महिने, नसलेल्यांचे १७.६. ऑस्ट्रेलियातील अभ्यासात आणि खुद्द स्पीगल यांच्या २००७ च्या पुनर्प्रयोगातही एकूण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. मात्र गुडविन यांच्या अभ्यासात गटातल्या स्त्रियांची मनःस्थिती सुधारली आणि वेदना कमी जाणवली, तीही मुळात जास्त त्रासात असलेल्यांना. आधारगटाची किंमत इथे आहे, वर्षे मोजण्यात नाही. 'हिंमत ठेवली की कर्करोग पळतो' या समजुतीत एक क्रूरपणाही दडलेला आहे. ज्याचा आजार उलटतो त्याच्यावर हिंमत कमी पडल्याचा ठपका येतो.

त्रास हलका होतो तो कशाने? रुग्णाला घरी सतत दुसऱ्यांना सांभाळावे लागते. आई रडू नये म्हणून केमोनंतरचा अशक्तपणा लपवायचा, मुलांसमोर जेवणाला चव असल्याचे सोंग आणायचे. गटात हे सोंग लागत नाही. पुढच्या स्कॅनआधी आठवडाभर झोप उडते, उपचार संपल्यावर सुटका वाटण्याऐवजी पोरके वाटते, बोटांना मुंग्या येऊन शर्टाचे बटण लागत नाही: हे ऐकून समोरचा नुसता 'हो' म्हणतो, आणि त्या 'हो'ला डॉक्टरच्या स्पष्टीकरणापेक्षा वेगळे वजन असते. शिवाय इथे घेणारा देणाराही होतो. समाजशास्त्रज्ञ फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये मांडले होते की मदत करणाऱ्यालाच मदतीचा मोठा लाभ होतो. महिनोन्महिने दुसऱ्यांवर अवलंबून राहिलेल्या माणसाला कुणीतरी सल्ला विचारावा, ही लहान गोष्ट नव्हे.

सगळ्यांना गट मानवतोच असे नाही. मानसशास्त्रज्ञ व्हिकी हेल्गेसन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले की जोडीदाराचा किंवा डॉक्टरांचा आधार तुटपुंजा असलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांना सहरुग्णांशी चर्चेचा फायदा झाला. ज्यांना आधी भरपूर आधार होता त्यांना ती चर्चा उलट बाधली. माहिती देणाऱ्या गटांचा परिणाम तुलनेने अधिक सर्वत्र चांगला होता. पुरुष गटात कमी येतात आणि आले तर भावनांपेक्षा औषधे, तपासण्या यांवर बोलणे पसंत करतात. तेही बोलणेच आहे. नुकते निदान झालेला माणूस आणि आजार सर्वत्र पसरलेला माणूस यांना शेजारी बसवले, तर पहिला हादरतो आणि दुसरा गप्प होतो. चालक नसेल तर एखादा सदस्य केमो सोडून चमत्कारी काढ्याची शिफारस करू लागतो, आणि ते थांबवणे अवघड जाते.

काळजीवाहकांचे गट शक्यतो वेगळे ठेवतात, कारण रुग्णासमोर 'मी थकलो' म्हणता येत नाही. सदस्याचा मृत्यू हा मात्र प्रत्येक गटाला चुकत नाही. काही गट त्या दिवशी ठरलेला विषय बाजूला ठेवून गेलेल्या व्यक्तीविषयीच बोलतात. बातमी टाळली तर पुढच्या बैठकीत प्रत्येकाची नजर त्याच रिकाम्या खुर्चीकडे जाते. गटात राहण्याची आणि गट सोडण्याची कारणेही निरनिराळी असतात: कुणाला नव्यांसाठी यायचे असते, तर कुणाला आता 'कर्करोग' या शब्दाशिवाय एक आठवडा काढून पाहायचा असतो.