पार्श्वभूमी : वाळवंटातला बर्फ आणि न फिरलेले भारनियमन

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात बर्फ पडला की निवडुंगावर साचलेल्या बर्फाचे फोटो जगभर फिरतात आणि जोडीला ‘अभूतपूर्व’ हा शब्द येतो. फोटो खरे असतात, शब्द चुकीचा असतो. मेक्सिकोच्या सीमेवरचे एल पासो हे टेक्सासचे पश्चिम टोक चिवावा वाळवंटात वसलेले आहे. तिथे वर्षाला जेमतेम नऊ इंच पाऊस पडतो. तरीही जानेवारी १९६२ मध्ये तिथला पारा उणे २२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता आणि डिसेंबर १९८७ मध्ये एकाच वादळात २२ इंच बर्फ पडला होता. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवरचे हे वाळवंट उन्हाळ्यात भाजते आणि हिवाळ्यात गारठते. तिथल्या जुन्या माणसांना हे पाठ आहे.

थंडी उतरते ती वाटही जुनीच आहे. कॅनडापासून टेक्सासपर्यंतच्या मैदानात आडवा असा एकही डोंगर नाही. आपल्याकडे हिमालय उभा आहे म्हणून मध्य आशियातला गारठा नागपूर-गोंदियापर्यंत येताना बोथट होतो. तिकडे उत्तर ध्रुवाकडची जड, थंड हवा रॉकी पर्वताच्या पूर्वेने सरळ घरंगळत येते. काही तासांत तापमान वीस-पंचवीस अंशांनी कोसळते. तिथले लोक या वाऱ्याला ‘ब्लू नॉर्दर’ म्हणतात. हवेचा थर पुरेसा जाड असेल तर ती खिंडींमधून पश्चिमेकडच्या वाळवंटातही सांडते. जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला ध्रुवावरचे वरचे वातावरण अचानक तापले, तिथला वाऱ्यांचा भोवरा विस्कटला आणि पुढच्या महिन्यात ही हवा मेक्सिकोच्या आखातापर्यंत पोचली. ध्रुवप्रदेश तापत असल्याने असे प्रसंग वाढत आहेत का, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. या टिपणाचा विषय मात्र जमिनीवरचा आहे. या प्रदेशात बर्फाने फारसे बिघडत नाही, तो दोन दिवसांत वितळतो. गोठणबिंदूच्या खाली सलग तीन-चार दिवस गेले की खरी आपत्ती सुरू होते.

कारण सगळे बांधकाम उन्हाचा विचार करून झालेले आहे. एल पासोच्या जुन्या घरांच्या छपरावर पाण्याचा कूलर असतो, आपल्या विदर्भातल्या कूलरचाच भाऊ. त्याला पाणी देणारी तांब्याची बारीक नळी उघड्यावरून छपरावर जाते. ऑक्टोबरात ती रिकामी करून ठेवायची असते. राहून गेली तर आतले पाणी गोठून फुगते आणि नळी उभी चिरते. वितळेपर्यंत ती चीर कोणाच्या लक्षातही येत नाही. पारा वर आला की छतातून पाणी गळायला लागते.

वीजकेंद्रांचे दुखणेही असेच बारीक नळीतले आहे. थंड मुलखात बॉयलर आणि टर्बाइन बंदिस्त इमारतीत असतात. टेक्सासमध्ये उष्णता निघून जावी म्हणून ती बहुधा उघड्यावर असतात. बॉयलरमधला दाब, पाण्याची पातळी मोजायला बोटाएवढ्या जाडीच्या नळ्या असतात. त्यांतले पाणी वाहत नाही, नुसते उभे असते. जोराच्या वाऱ्यात ते आधी गोठते. मग मीटर खोटा आकडा दाखवतो, नियंत्रण यंत्रणा तो खरा मानते आणि ठणठणीत वीजनिर्मिती संच स्वतःहून ट्रिप होतो, म्हणजे बंद पडतो. उपाय म्हणजे नळीला गरम राहणारी वायर गुंडाळायची, वर इन्सुलेशन चढवायचे, वाऱ्याच्या बाजूला आडोसा उभारायचा. यात कुठलेही नवे तंत्रज्ञान लागत नाही. म्हणून पुढच्या तीस वर्षांचा इतिहास वाचताना मन अस्वस्थ होते.

२१ ते २३ डिसेंबर १९८९ च्या थंडीत टेक्सासमधले अनेक संच असेच पडले आणि काही तास आळीपाळीने वीज तोडावी लागली. राज्याच्या वीज नियामकाने चौकशी केली आणि नळ्यांच्या संरक्षणासकट शिफारशी केल्या. त्या ऐच्छिक होत्या. सौम्य हिवाळे गेले, इन्सुलेशन निघाले ते निघालेच.

२ फेब्रुवारी २०११ च्या पहाटे तेच घडले, पण मोठ्या प्रमाणावर. टेक्सासच्या मुख्य वीजजाळ्यात ४,००० मेगावॅटची कपात करावी लागली, ३२ लाख ग्राहकांना झळ बसली. एल पासोत ३ फेब्रुवारीला पारा उणे १७ अंशांवर गेला. शहराची स्वतःची वीजकेंद्रे एकामागून एक बंद पडली, पाण्याचे पंप थांबले, नळ्या फुटल्या आणि पाणी जपून वापरण्याचे आदेश निघाले. सीमेपलीकडे चिवावा राज्यातल्या एका खासगी प्राणिसंग्रहालयात ३५ प्राणी गोठून मेले. शेजारच्या न्यू मेक्सिकोत गॅसवाहिन्यांतला दाब घसरला. ताओस, एस्पान्योला या डोंगराळ गावांत घरे तापवायचा गॅसच बंद झाला. गॅस परत आणणे हे वीज परत आणण्यासारखे नसते. कर्मचाऱ्यांना घरोघर जाऊन आधी प्रत्येक मीटरचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. मग वाहिनीत दाब भरायचा आणि पुन्हा घरोघर फिरून ज्योत पेटवायची. त्यात दिवसच्या दिवस गेले. तीन राज्यांत मिळून ५० हजारांहून अधिक ग्राहकांचा गॅस गेला होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय यंत्रणांचा अहवाल आला. १९८९ मध्ये पडलेले अनेक संच २०११ मध्ये पुन्हा पडले आणि आधीच्या शिफारशी अमलात आल्या नाहीत, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. यानंतर राज्याने वीजकंपन्यांना थंडीच्या तयारीचा आराखडा सादर करायला सांगितले. तयारी करायलाच हवी असा नियम मात्र केला नाही.

येथे तो शब्द येतो, ज्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वांत जास्त गोंधळ घातला : ‘रोलिंग’, म्हणजे फिरती वीजकपात.

मराठी वाचकाला भारनियमन समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे २००५ नंतरच्या वर्षांत वीजगळतीनुसार फीडरचे, म्हणजे भागाभागाला वीज देणाऱ्या वाहिन्यांचे, गट पडले होते आणि गटवार वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून यायचे. त्रास अन्यायाचा होता, खेड्यांना जास्त होता, पण वीज कधी येणार हे गिरणीवाल्यालाही ठाऊक असायचे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासच्या लोकांना सांगितले गेले तेही असेच होते : कपात फिरती असेल, प्रत्येक भागाची वीज थोडा वेळ जाईल आणि परत येईल. लोकांनी अंगावर एक स्वेटर चढवला आणि वाट पाहिली. कित्येकांकडे वीज तीन दिवस आली नाही.

असे का झाले, हे समजून घ्यायला १५ फेब्रुवारीच्या पहाटेकडे पाहावे लागते. आदल्या संध्याकाळी मागणीने ६९ हजार मेगावॅटचा हिवाळी उच्चांक गाठला होता. मध्यरात्रीनंतर संच धडाधड पडू लागले. अमेरिकेत जाळ्याची फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झ असते. वीज मागणीपेक्षा कमी पडली की ती घसरते. ती ५९.४ च्या खाली गेली आणि तिथे ४ मिनिटे २३ सेकंद राहिली. ९ मिनिटे राहिली असती तर उरलेली वीजकेंद्रे स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप जाळ्यातून सुटली असती आणि संपूर्ण जाळे कोसळले असते. जुलै २०१२ मध्ये आपल्या उत्तर भारतात जाळे कोसळले तेव्हा ते त्याच दिवशी बरेचसे उभे करता आले, कारण केंद्रे धडधाकट होती. गोठलेल्या केंद्रांतून शून्यापासून जाळे उभे करायला आठवडे लागले असते. त्यामुळे त्या रात्री वीज तोडण्याचा निर्णय बरोबरच होता. त्यावर दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही.

दोष पुढे आहे. कपात शेवटी २०,००० मेगावॅटवर गेली आणि स्थानिक वितरण कंपन्यांना आपापला वाटा तोडायला सांगण्यात आला. ज्या फीडरवर रुग्णालय, पाणीपुरवठा, आपत्कालीन सेवा आहेत ते तोडायचे नाहीत. फ्रिक्वेन्सी घसरली तर आपोआप तुटावेत म्हणून राखलेले फीडरही हातचे ठेवायचे. एवढे वगळल्यावर उरलेले जवळजवळ सगळे फीडर बंद केले तेव्हा कुठे वाटा पुरा झाला. आता फिरवायचे काय? एक भाग लावायचा तर दुसरा तोडावा लागतो आणि तोडायला दुसरा भागच शिल्लक नव्हता. म्हणून रुग्णालयाच्या फीडरवरचे घर सलग उजेडात राहिले आणि पुढच्या गल्लीतले घर सलग अंधारात. शहरांच्या मध्यभागी रिकाम्या कार्यालयांचे मनोरे झगमगत होते, कारण तिथल्या भूमिगत वाहिन्या वेगळ्या तोडता येत नव्हत्या. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. तिथे नातेवाईक असलेल्यांना त्या आठवड्यातले फोन आठवत असतील.

‘फिरती’ या शब्दाने केलेले नुकसान इथे आहे. वीज दोन दिवस येणार नाही असे पहिल्याच सकाळी सांगितले असते, तर रस्ते फारसे बिघडण्याआधी लोक नातेवाइकांकडे गेले असते, म्हाताऱ्यांना हलवता आले असते. पुढच्या तासाला वीज येईल या भरवशावर माणसे थंड घरात बसून राहिली. काहींनी ऊब मिळावी म्हणून बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली, घरात कोळशाची शेगडी पेटवली आणि कार्बन मोनॉक्साइडने प्राण गेले. राज्याच्या अधिकृत मोजणीत मृत्यू २४६ आहेत, बहुतेक गारठ्याने.

या गुंत्याचा आणखी एक पदर वाळवंटात जातो. मिडलंड-ओडेसाच्या कोरड्या पठारावरचे तेल-वायूक्षेत्र राज्यातल्या वीजकेंद्रांना गॅस पुरवते. विहिरीतून गॅसबरोबर पाणी येते, ते तोंडाशी गोठले की विहीर बुजते. हे झालेच. शिवाय तिथले कॉम्प्रेसर आता विजेवर चालतात. आपला फीडर ‘अत्यावश्यक’ यादीत घालायला गॅसकंपनीने एक अर्ज करायचा होता. कित्येकांनी तो केला नव्हता, काहींना असा अर्ज असतो हेच माहीत नव्हते. काही ठिकाणांनी तर टंचाईत आमची वीज आधी तोडा म्हणून पैसे देणाऱ्या योजनेत नाव नोंदवले होते. वीज तोडली, कॉम्प्रेसर थांबले, गॅस घटला, आणखी संच पडले. त्या आठवड्यात गोठलेल्या पवनचक्क्यांवर खूप बोलले गेले. त्या गोठल्या हे खरे आहे, पण बंद पडलेल्या संचांत निम्म्याहून अधिक गॅसवरचे होते.

टेक्सासचे जाळे शेजाऱ्यांशी नीट जोडलेले का नाही, हा वाद याहून जुना आहे. राज्याबाहेर वीज न नेणाऱ्या कंपन्यांना विजेवरच्या १९३५ च्या केंद्रीय कायद्याची पकड लागत नाही, म्हणून जाळे राज्यातच ठेवले गेले. ४ मे १९७६ च्या रात्री एका कंपनीने मुद्दाम काही तास टेक्सासची वीज ओक्लाहोमात पाठवली आणि मोठी कायदेशीर लढाई पेटली, तरी अखेर वेगळेपण टिकले. २०२१ नंतर अनेकांनी एल पासोकडे बोट दाखवले : ते शहर पश्चिमेकडच्या राज्यांच्या जाळ्यात आहे, म्हणून वाचले. तिथे त्या आठवड्यात काही हजार ग्राहकांचीच वीज थोडा वेळ गेली होती.

हे उत्तर अर्धेच आहे. एल पासो २०११ मध्येही त्याच पश्चिमी जाळ्यात होते आणि तरी अंधारात बुडाले, कारण बाहेरून आणता येणाऱ्या विजेला तारांची मर्यादा असते. २०२१ मध्ये तिथे पारा २०११ इतका खाली गेला नव्हता, हेही सांगायला हवे. पण मधल्या दहा वर्षांत तिथल्या वीजकंपनीने नळ्यांना गरम वायर आणि इन्सुलेशन चढवले, त्यासाठी सुमारे ४५ लाख डॉलर खर्च केले आणि उणे २३ अंशांत चालेल असे नवे केंद्र उभारले. गॅस थांबला तर ते डिझेलवर चालते. शेजारच्या मोठ्या जाळ्याला जे परवडणार नाही असे सांगितले जात होते, ते वाळवंटातल्या एका शहराने करून ठेवले होते.

जून २०२१ मध्ये राज्याने कायदा केला : थंडीची तयारी सक्तीची, दंड दिवसाला १० लाख डॉलरपर्यंत. वीजकेंद्रांची तपासणी लगेच सुरू झाली. गॅसकडच्या बाजूवर देखरेख करतो तो आयोग वेगळा. त्याच्या पहिल्या मसुद्यात १५० डॉलर भरून सवलत मागण्याची सोय होती. टीका झाल्यावर ती आवळली गेली. दरांचा वाद त्याहून लांबला. संकटात मेगावॅट-तासाला ९,००० डॉलर हा कमाल दर लावला गेला आणि कपात थांबल्यावरही एक दिवसाहून अधिक काळ तसाच ठेवला गेला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये नियामकाचा तो निर्णय वैध ठरवला. ती बिले अजून फेडली जात आहेत.

जानेवारी २०२४ च्या थंडीत मागणी ७८ हजार मेगावॅटच्या वर गेली, म्हणजे २०२१ च्या उच्चांकाहूनही बरीच जास्त, आणि कपात करावी लागली नाही. संच टिकले, मधल्या काळात बसवलेल्या बॅटऱ्यांनी सकाळच्या ताणाच्या वेळी हात दिला. पश्चिमेकडच्या पठारावर विहिरींची तोंडे मात्र त्या आठवड्यातही गोठली आणि गॅसचे उत्पादन पुन्हा घटले.