लॉगमधला १३७

सर्व्हरवर चाललेला प्रोग्राम अचानक गायब होतो. लॉगमध्ये त्याची स्वतःची एकही तक्रार नसते. मागे उरतो नुसता एक आकडा, प्रोग्राम संपताना उरणारा कोड, १३७. त्याची फोड १२८ अधिक ९ अशी. १२८ ही सिग्नलने (बाहेरून आलेल्या हुकमाने) मेल्याची खूण. ९ म्हणजे ‘सिगकिल’ सिग्नल, जो आला की आवराआवर करायलाही सवड मिळत नाही. कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रामला मशीनवर आखून दिलेल्या वेगळ्या कप्प्यात, हा आकडा दिसला, तर पहिला संशय घ्यायचा तो मेमरीवर.

एकेका प्रोसेसवर (चालू प्रोग्रामवर) मर्यादा घालायची सोय युनिक्समध्ये जुनीच आहे. पण १ जीबीची मर्यादा असलेल्या प्रोसेसने दहा पिल्लं काढली, तर प्रत्येकीला वेगळा १ जीबी मिळतो! मग मर्यादेला अर्थ काय उरला? २००६ मध्ये गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी अख्ख्या गटाचा एकत्र हिशेब ठेवायचं काम हाती घेतलं. जानेवारी २००८ च्या लिनक्स २.६.२४ मध्ये ते ‘सीग्रुप्स’ या नावाने दाखल झालं, आणि मेमरीचा भाग पुढच्याच आवृत्तीत. यात नवी प्रोसेस जन्मते तीच आईच्या गटात, त्यामुळे पिल्लं काढून पळवाट मिळत नाही. कंटेनरची मेमरी-मर्यादाही याच गटांवर चालते.

हिशेब चालतो पानांमध्ये, म्हणजे मेमरीच्या छोट्या तुकड्यांमध्ये. एक पान बहुधा ४ केबीचं. पान ज्या गटाने आधी वापरलं, त्याच्या खात्यावर ते पडतं. वाचलेल्या फाइलींची कॅशसुद्धा (पुन्हा लागतील म्हणून मेमरीत ठेवलेली प्रत) त्यातच धरली जाते, म्हणून गट काठोकाठ भरलेला दिसला तरी लगेच घाबरू नये. मर्यादा गाठली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी ही कॅश सोडवू पाहतं, स्वॅप (डिस्कवरची राखीव जागा) असेल तर काही पानं तिकडे हलवतं. तरीही भागलं नाही, तर ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग, त्याच गटातला एक बळी निवडतो. शेजारच्या गटांना धक्का लागत नाही.

‘हाय’ नावाची एक मवाळ मर्यादाही असते. ती ओलांडली तर कोणी मरत नाही, फक्त गटाचा वेग मुद्दाम पाडला जातो. माझ्या मते ती फार कमी लोक वापरतात.

खरी गंमत आतल्या प्रोग्रामची. ६४ जीबीच्या मशीनवर २ जीबीचा कंटेनर दिला, तर जुनं जावा अख्खं मशीन आपलंच समजून त्याच्या चौथाईपर्यंत, म्हणजे १६ जीबीपर्यंत, हीप (स्वतःच्या डेटासाठीची मेमरी) वाढवायला मोकळं असायचं. शेवट ठरलेला: १३७. जावा १० पासून ते गटाची मर्यादा आपणहून वाचू लागलं. नंतर ही सुधारणा जावा ८ मध्येही आणली गेली. मेमरी किती आहे ते दाखवणारी ‘फ्री’ कमांड मात्र कंटेनरच्या आतूनही सहसा ६४ जीबीच दाखवते.