"गाडी दाबत नाही" म्हणजे नेमकं काय? कॉम्पॅक्टर वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

कॉम्पॅक्टर, म्हणजे कचरा दाबून भरणारी गाडी, आमच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये आला की ड्रायव्हर एकच वाक्य बोलतो, "गाडी दाबत नाही." एवढ्यावरून आम्हाला बिघाड कळत नाही, आणि बिल हातात पडल्यावर पैसे कुठे गेले ते तुम्हाला कळत नाही. म्हणून हे पत्रक. सुरुवात जुन्या गाड्यांपासून करतो, कारण मूळ यंत्र तेच आहे आणि त्यावर सेन्सर-वायरिंगचं जंजाळ नव्हतं.

कचरा हलका आणि फुगीर. उघड्या ट्रकचा हौदा काठोकाठ भरतो, पण टायर दबलेले दिसत नाहीत. म्हणजे डिझेल जाळून निम्मी हवाच वाहायची. वर टोपली डोक्याच्या वर उचलून रिकामी करायची. अमेरिकेतल्या गार वुडच्या कंपनीने 1938 मध्ये यावर 'लोड-पॅकर' काढला. हा माणूस स्पीडबोटींच्या शर्यतींसाठी गाजलेला, पण पैसा कमावला डंपरच्या हायड्रॉलिक जॅकवर. लोड-पॅकरमध्ये कचरा मागच्या बाजूला, खालीच असलेल्या हॉपरमध्ये (कचरा टाकायच्या खोलगट तोंडात) टाकायचा. मग लोखंडी प्लेट फिरून तो ओढते आणि हौद्यात आधी भरलेल्या कचऱ्यावर रेटते. तुमच्या गाडीची पॅकर प्लेट हेच काम करते.

प्लेटला जोर येतो तेलातून. गिअरबॉक्सला जोडलेला पीटीओ (इंजिनची ताकद बाहेर काढून देणारा जोड) पंप फिरवतो (म्हणून दाबताना इंजिन रेस करावं लागतं), पंप टाकीतलं तेल ओढतो, कंट्रोल व्हॉल्व्ह ते सिलेंडरच्या या किंवा त्या तोंडाला सोडतो. तेल दबत नाही, त्यामुळे पिस्टनला सरकावंच लागतं. समजा बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, 100 मिलिमीटर आणि प्रेशर 100 बार. पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण 78 चौरस सेंटिमीटर, म्हणजे जोर जवळजवळ 8 टन. उलट्या बाजूने तेल सोडलं तर पिस्टनला जोडलेला 60 मिलिमीटरचा रॉड (दांडा) जागा खातो आणि जोर 5 टनांवर येतो. त्याच गाडीला 'मोठा पंप बसवा' म्हणणारे भेटतात. मोठ्या पंपाने प्लेट भराभर हलेल, जोर तेवढाच राहील. जोर प्रेशर आणि बोअरवर, वेग तेलाच्या पुरवठ्यावर.

आता बिघाड. प्लेट सकाळी ठीक चालते आणि दुपारी मंदावते, तर बहुतेक वेळा पंप झिजलेला असतो. तेल तापून पातळ होतं आणि पंपाच्या आतच मागे गळतं. प्लेट अर्ध्यावर थांबवली तरी हळूहळू सरकत असेल, तर आधी सिलेंडरचं सील बघा, मग व्हॉल्व्ह. सुरुवातीच्या हायड्रॉलिक यंत्रांत सीलसाठी चामडं वापरत. रबरी ओ-रिंगचं अमेरिकन पेटंट 1939 चं, म्हणजे लोड-पॅकरच्याच काळातलं. आज सील किट स्वस्त आहे. महाग पडतो तो ओरखडे आलेला रॉड. कचऱ्याचं पाणी आणि वाळू रॉडवर वाळली की वायपर सील (रॉड आत जाताना घाण पुसणारं बाहेरचं सील) कापलं जातं. रोज शेवटच्या खेपेनंतर रॉड धुऊन फडक्याने पुसला, तरी आमचं निम्मं काम कमी होईल. (हे आम्हीच सांगतोय, हे लक्षात घ्या.)

रिलीफ व्हॉल्व्हचा बोल्ट मात्र कुणी आवळू नये. मागच्या पावसाळ्यात एक गाडी आली, प्लेटच्या पिनाचे कान फाटलेले. कुणीतरी 'थोडं प्रेशर वाढवलं' होतं, गेज न लावता. जास्तीचं प्रेशर टाकीकडे सोडणं हेच त्या व्हॉल्व्हचं काम. तो बंद पाडला की सगळ्यात कमजोर जागा आधी तुटते.

डंपर प्लेसरवाल्यांसाठी (कचऱ्याचा अख्खा कंटेनर उचलून नेणारी गाडी) थोडक्यात : कंटेनर उचलून नेण्याची पद्धत अमेरिकेतल्या नॉक्सव्हिलच्या डेम्पस्टर बंधूंनी 1930 च्या दशकात रूढ केली. तुमच्याकडे गाडीच्या दोन्ही उचलणाऱ्या हातांचे सिलेंडर बरोबरीने उचलतात ना ते पाहा. एक मागे पडला तर कंटेनर तिरका होतो आणि साखळीवर ताण येतो.

हौदा वर असताना खाली शिरायचं असेल तर आधी लोखंडी टेकू लावा. नुसत्या तेलाच्या भरवशावर कधीही नाही. होज फुटला की हौदा क्षणात खाली येतो.

गाडी आणण्याआधी फोनवर एवढं सांगा : बिघाड थंड असताना की तापल्यावर, उचलताना की दाबताना, तेल कधी बदललं. टाकीतलं तेल स्वच्छ बाटलीत घेऊन या. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, आणि सील बदलण्याआधी आपण टाकीचं झाकण तपासू.