नूडल्सचा गोळा का होतो?

आमच्या नूडल्स घेऊन गेलेली मंडळी दुसऱ्यांदा दुकानात आली की बहुतेक एकच तक्रार सांगतात: "चव चांगली होती, पण गोळा झाला." चायनीजच्या गाडीवर त्या कशा सुट्ट्या, मोकळ्या असतात, मग घरी असं का? संध्याकाळी सातला, मागे चार गिऱ्हाईकं उभी असताना, हे काउंटरवर नीट समजावता येत नाही. म्हणून हे पत्रक पाकिटाबरोबर देतो आहोत.

दोष बहुतेक वेळा नूडल्सचा नसतो, थंड पडलेल्या कढईचा असतो. गाडीवरच्या भट्टीची आच आपल्या घरच्या शेगडीच्या कितीतरी पट असते. तिथे भाजी कढईत पडली की तिचं पाणी वाफ होऊन लगेच उडतं. कोबीत ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, हे लक्षात घ्या. घरी आपण चौघांचा कोबी, गाजर, ढोबळी मिरची आणि नूडल्स एकदम ओततो. कढई निवते, पाणी तळाशी साचतं आणि त्या पाण्यात नूडल्स पुन्हा शिजतात. पाणी आहे तोवर आतला माल १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूसपणा यायला १४०-१५० अंश तरी लागतात. दक्षिण चीनमधल्या कँटनी भाषेत त्या खरपूस वासाला 'वोक हेई' म्हणतात, म्हणजे कढईचा श्वास. गाडीवरच्या प्लेटला जो वास येतो, तो मुख्यतः आचेचा असतो. सॉस वाढवून तो येत नाही.

म्हणून एवढं एक तरी पाळाच: एका वेळी दोघांपुरत्याच परता. घरात चौघं असतील तर भज्यांसारखे दोन घाणे काढा. एका घाण्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

आधी उकडणं

दोघांसाठी १५० ग्रॅम कोरड्या नूडल्स आणि दीड ते दोन लिटर पाणी घ्या. पाणी कमी पडलं तर सुटलेला स्टार्च त्यातच दाट होतो आणि नूडल्सना चिकटतो. पाणी खळखळ उकळल्यावर मीठ आणि नूडल्स घाला. परतायच्या असतील तर ३ मिनिटं पुरे. तोडून बघा, मधे किंचित कणी राहिलेली हवी, कारण पुढे कढईत त्या आणखी शिजणार आहेत. आमच्या जुन्या पाकिटांवर ६ मिनिटं छापलं होतं. सूपसाठी ते चालेल, परतण्यासाठी ते फार होतं. ती चूक आमची. तसं पाकीट घरात असेल तर तो आकडा खोडून टाका.

चाळणीत काढून लगेच थंड पाण्याखाली धरा, पाणी पूर्ण निथळू द्या, चमचाभर तेल चोळा आणि परातीत पसरून पंख्याखाली ठेवा. कामावरून उशिरा येणाऱ्यांनी हे काम सकाळीच उरकून, डब्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवलं तर उत्तम. गार झालेल्या नूडल्सचा स्टार्च घट्ट बसतो आणि त्या ताज्या उकडलेल्यांपेक्षा सुट्ट्या परतल्या जातात. फोडणीच्या भाताला रात्रीचा भात बरा पडतो, त्यातलाच हा प्रकार.

मग परतणं

भाज्या आधी चिरून, पुसून कोरड्या करून हाताशी ठेवा. एकदा गॅस मोठा केला की चिरायला वेळ मिळत नाही. कढई लोखंडी असावी. नसेल तर लोखंडी तवाही चालतो, उलट पसरट असल्यामुळे वाफ पटकन निघून जाते. नॉनस्टिक भांडं रिकामं कडकडीत तापवू नका, त्याचा थर खराब होतो.

लोखंड चांगलं तापलं की दोन चमचे रिफाइंड शेंगदाणा तेल. घाण्याचं तेल चवीला सुरेख, पण ते लवकर धुरावतं, इथे नको. लसूण-आलं दहा सेकंद, मग कांदा, मग गाजर आणि फरसबी, शेवटी कोबी आणि ढोबळी मिरची. मीठ अजिबात नाही, मीठ पडताच कोबी पाणी सोडतो. भाजी कचकचीत असतानाच नूडल्स घाला आणि अर्धा मिनिट हात लावू नका, तळाला थोड्या लागू द्या. मग दोन उलथन्यांनी खालून वर करा. सोया सॉस कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडा, म्हणजे तो खाली येईपर्यंत भाजला जातो. पाऊण चमचा व्हिनेगर, मिरपूड, कांद्याची पात, आणि गॅस बंद.

मीठ चव बघूनच. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, साधारण अडीच ग्रॅम मीठ असतं, आणि मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात कुणाला रक्तदाब असेल तर सॉस मोजूनच घाला.

नेहमीचे दोन प्रश्न

नूडल्स पिवळ्या, म्हणजे हळद घालता का? नाही. सांगलीत हळदीची कमी नाही, तरी नाही. पिठात आम्ही थोडा क्षार घालतो, उडदाच्या पापडात पापडखार पडतो तसा. गव्हाच्या पिठातलेच काही घटक क्षाराने पिवळे दिसू लागतात, आणि नूडल्सना ताण येतो तोही त्यामुळेच.

कांदा-लसूण मसाला चालेल का? आमच्याही घरी घालतात. पण मोठ्या आचेवर तो करपून कडू होतो. गॅस बंद केल्यावर अर्धा चमचा भुरभुरा आणि त्या दिवशी सोया सॉस निम्मा करा.

पाकीट उघडल्यावर उरलेल्या नूडल्स घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. पाकिटात चुरा जास्त निघाला तर पाकीट घेऊन या, आम्ही बदलून देऊ.