वेबसाइट व ब्लॉगवरील मजकूर, लहान व्यवसायांचा : कोल्हापूर

लहान दुकानदार, कारागीर, प्रक्रिया उद्योजक किंवा कारखानदार आपल्या मालाविषयी स्वतःच्या वेबसाइटवर व ब्लॉगवर जी माहिती, छायाचित्रे, मापे, दर आणि सूचना देतो, त्या सगळ्याला व्यवहारात ‘कंटेंट’ किंवा मजकूर म्हणतात. वेबसाइटवरची पाने बहुधा स्थिर असतात : माल कोणता, मिळतो कुठे, किंमत काय. ब्लॉगवर त्यात वेळोवेळी भर पडत जाते. चप्पल, गूळ, चांदीचे दागिने, साज, कांदा-लसूण मसाला, ओतकाम अशा कोल्हापूरच्या मालाची कीर्ती जिल्ह्याबाहेर फार दूर गेली आहे, पण त्याविषयी इंटरनेटवर जे वाचायला मिळते त्यातले बरेचसे माल न बनवणाऱ्यांनी लिहिलेले आहे. माल बनवणाऱ्याला जे ठाऊक असते ते त्याच्या तोंडी राहते, पानावर येत नाही. दर्जेदार मजकुराचा प्रश्न इथे मुख्यतः हे तोंडी ज्ञान लेखी करण्याचा आहे.

कोल्हापुरी चप्पल हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. दुकानात उभे गिऱ्हाईक नेमके विचारते : पावसात चालेल का, अंगठ्याला लागेल का, करकर किती दिवस राहते, कातडे कसले आहे. दुकानदार या सगळ्याची उत्तरे न अडखळता देतो. त्याच दुकानाच्या वेबसाइटवर मात्र ‘अस्सल कोल्हापुरी, उत्तम दर्जा, वाजवी दर’ एवढ्याच ओळी सापडतात. त्या शेजारच्या दुकानालाही जशाच्या तशा लागू पडतात, त्यामुळे दिल्लीत किंवा दुबईत बसून जोड मागवणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. चांगले पान सांगते की कातडे बाभळीची साल व हिरडा वापरून कमावले आहे की रसायनाने, शिलाई चामड्याच्या वादीची आहे की दोऱ्याची, खिळा मारला आहे का, तळ किती थरांचा आहे, वेणी हाताने विणली आहे का, बाजूचे कान केवढे आहेत, नग ‘कापशी’ या पारंपरिक घाटाचा आहे की दुसऱ्या. पाऊल कागदावर ठेवून लांबी सेंटिमीटरमध्ये कशी मोजायची, हेही त्यात असावे. दूरच्या ऑर्डरीत माप चुकणे हे माल परत येण्याचे एक ठळक कारण असते. कारणे दिली तर सूचना पटतात. झाडपाल्याच्या कमावणीचे कातडे पाणी शोषते, भिजले की फुगते आणि कडक उन्हात घाईने वाळवले की ताठर होऊन तडकते. हे लिहिले तर ‘पावसात वापरू नका’ ही ओळ दुकानदाराची पळवाट वाटत नाही.

या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले. ते महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ यांच्याकडे संयुक्त आहे. त्याच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे आठ जिल्हे येतात. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये याच घाटाच्या चपला दाखवल्या, तेव्हा त्यांचे वर्णन नुसत्या चामडी सँडल म्हणून केले गेले. कोल्हापूरचे नाव कुठे नव्हते. महाराष्ट्रात टीका झाल्यावर कंपनीने प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचे मान्य केले आणि जुलैमध्ये तिचे पथक कोल्हापुरात येऊन गेले. वस्तू तीच असूनही वर्णनातल्या दोन शब्दांनी तिचे गाव पुसले जाते, हे त्या प्रसंगाने उघड झाले. कोल्हापुरातल्या सुभाषनगरच्या कारागिराने आपल्या कामाविषयी लिहिलेले साधे पान म्हणूनच विक्रीच्या पलीकडेही मोलाचे आहे. जोड कोणी शिवला, वेणी घरातल्या कोणी विणली, एका जोडीला किती दिवस लागले, हे त्याच्याशिवाय दुसरे कोणी लिहू शकत नाही.

गुळाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे गिऱ्हाइकाचा गैरसमज आधी दूर करावा लागतो. ‘कोल्हापूर गूळ’ या नावाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बाजारात पिवळाधमक गूळ वर्षानुवर्षे चढ्या भावाने विकला गेला, आणि आता शहरी गिऱ्हाईक ‘केमिकल नको’ म्हणून काळपट गूळ मागते. रंग रसाच्या प्रतीवर, उसाच्या जातीवर, जमिनीवर, मळी काढण्याच्या पद्धतीवर आणि हायड्रोससारखे विरंजक (रंग उजळणारे रसायन) वापरले की नाही यावर ठरतो. त्यामुळे प्रत्येक काळा गूळ शुद्ध नसतो आणि प्रत्येक पिवळा गूळ भेसळीचा नसतो. गुऱ्हाळमालकाच्या ब्लॉगला यापेक्षा चांगला पहिला विषय मिळणार नाही. मळी काढायला रानभेंडीचा चिकट रस घातला की दुसरे काही, काहिलीतून पाक कोणत्या खुणेवर उतरवला, रवा, म्हणजे गुळाची ढेप, किती वजनाचा भरला, पावसाळ्यात गूळ ओल धरून पाझरू नये म्हणून घरी कसा ठेवायचा, हे त्याने ओळीने लिहावे. हंगामाचे भान हवे. गुऱ्हाळे दिवाळीच्या आसपास पेटतात, म्हणून नव्या गुळाचे पान त्याआधी तयार असायला हवे. गुगलसारख्या शोधयंत्राला नवे पान सापडून वर यायला वेळ लागतो.

गोकुळ शिरगाव, शिरोली आणि कागल येथील औद्योगिक वसाहती किंवा शिवाजी उद्यमनगर इथल्या फाउंड्री आणि मशीन शॉप यांचा वाचक खरेदी विभागातला अभियंता असतो. त्याला कंपनीचा इतिहास नको असतो. ग्रे आयर्न की एसजी आयर्न (बिडाचे दोन प्रकार), कास्टिंगचे किमान व कमाल वजन, महिन्याची क्षमता, तपासणीची साधने, प्रमाणपत्राची मुदत एवढे एका पानावर मिळाले की तो फोन उचलतो.

मजकूर तयार करण्याची रीत. पेढीवर बसणाऱ्याला लिहायला सवड नसते आणि अनेकदा हात आखडतो. त्याला लिहायला लावण्यापेक्षा बोलायला लावावे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून घरातल्या कोणी ते उतरवून काढले, की निम्मे काम झाले. विषयांसाठी व्हॉट्सॲप उघडावे : ‘ओ दादा, ही चप्पल मुंबईच्या पावसात चालंल का?’ अशा ज्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा पुन्हा टाइप करावे लागते, त्याचे पान व्हायलाच हवे. उतरवलेल्या मजकुरातली बोली सगळी पुसू नये. वाक्ये नीट करावीत, पण माणूस कोल्हापूरचा आहे हे कळू द्यावे. छायाचित्रे स्वतः काढलेलीच वापरावीत, शक्यतो दिवसाच्या उजेडात, आणि एक तरी काम चालू असतानाचे. दुसऱ्याच्या वेबसाइटवरचे छायाचित्र उचलणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा भंग ठरू शकते. छायाचित्रामागे त्याचे वर्णन शब्दांत लिहिण्याची सोय असते. ती दृष्टिहीन वाचकांसाठी आहे, आणि शोधयंत्रालाही तिचा उपयोग होतो.

भाषा व लिपी. एकच मजकूर मराठी आणि इंग्रजीत शब्दशः सारखा असण्याची गरज नाही. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला कापशी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही; बंगळूरच्या गिऱ्हाइकाला सांगावे लागते. अनेक मराठी माणसे शोधताना रोमन लिपीत मराठी शब्द टाइप करतात, हेही ध्यानात ठेवावे. यापेक्षा मोठी अडचण फाँटची आहे. छापखान्यातून मिळालेली जुनी माहितीपत्रके बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असतात. तो मजकूर तसाच वेबसाइटवर चिकटवला तर वाचकाला निरर्थक अक्षरे दिसतात, आणि छायाचित्र म्हणून टाकला तर त्यातले शब्द शोधात येण्याची खात्री राहत नाही. तो आधी युनिकोड या सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत बदलून मग काळजीपूर्वक तपासावा, कारण बदलताना जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात. देवनागरीत ‘.भारत’ हे डोमेन (वेबसाइटच्या पत्त्याचा शेवट) २०१४ पासून उपलब्ध आहे.

शोधयंत्रे. एकच शब्द पानभर पेरून वर येण्याचे दिवस गेले. गुगलने शोधाच्या पद्धतीत २०११ मध्ये केलेल्या ‘पांडा’ नावाच्या बदलापासून उथळ आणि नक्कल केलेली पाने मागे ढकलायला सुरुवात केली, ऑगस्ट २०२२ मध्ये वाचकाला उपयोगी पडणाऱ्या मजकुराला झुकते माप देणारा बदल आणला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मूल्यमापनाच्या मार्गदर्शिकेत लेखकाचा प्रत्यक्ष अनुभव हा निकष घातला. हा शेवटचा निकष कारागिराच्या बाजूचा आहे. मार्च २०२४ पासून, केवळ शोधातला क्रमांक वाढवण्यासाठी घाऊक प्रमाणात काढलेली पाने, माणसाने लिहिली असोत की यंत्राने, गुगलच्या नियमांविरुद्ध आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने वाक्यरचना सुधारून घेण्यात गैर काही नाही. माल न पाहिलेल्या यंत्राकडून मालाचे वर्णन लिहून घेणे मात्र धोक्याचे आहे, कारण त्यातली चूक कारागिराने स्वतः वाचल्याशिवाय पकडली जात नाही.

महाद्वार रोड, गुजरी किंवा राजारामपुरीतल्या दुकानाला गुगल बिझनेस प्रोफाइल या, नकाशावर व शोधात दुकानाची माहिती दाखवणाऱ्या सेवेवरची नोंद वेबसाइटइतकीच कामाची असते, कारण अंबाबाईच्या दर्शनाला आलेला प्रवासी तिथूनच वाट काढतो. तरी सगळा मजकूर दुसऱ्याच्या दारात ठेवू नये. या सेवेतून मोफत बनवून मिळणाऱ्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या आणि ज्यांनी मजकुराची प्रत ठेवली नव्हती त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. स्वतःच्या नावाचे डोमेन घेणे आणि लिहिलेल्या प्रत्येक पानाची प्रत घरच्या संगणकात ठेवणे, हा वर्षाकाठी थोड्या खर्चाचा पण आवश्यक उपाय आहे.

कायदेशीर बाजू. वेबसाइटवरून थेट विक्री करणाऱ्याला ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू होतात. व्यवसायाचे नाव, पत्ता, संपर्क, तक्रार निवारण अधिकारी आणि माल परत घेण्याच्या अटी दाखवाव्या लागतात. पाकीटबंद मालाचे निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि उत्पादकाचा पत्ता पानावर हवा. मसाला किंवा काकवी विकणाऱ्याने अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक द्यावा. गूळ खाल्ल्याने अमुक रोग बरा होतो, असा दावा २०१८ च्या अन्न जाहिरात व दावे विनियमांत बसत नाही. भौगोलिक मानांकन असलेले नाव खोटेपणाने लावणे हा १९९९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

मजकुराची निगा. लिहिलेले पान शिळे होते. दर बदलतात, साप्ताहिक सुट्टी बदलते, फोन बदलतो. नवरात्रात दुकान किती वाजेपर्यंत उघडे, जोतिबाच्या चैत्र यात्रेत घरपोच माल किती दिवस थांबेल, हे त्या त्या वेळी लिहावे लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक तुटली. अशा वेळी पहिल्या पानावर तारखेसह दोन ओळी पुरतात : दुकान सुरक्षित आहे का, आणि अडकलेला माल कधी निघेल. पाणी ओसरले, गाड्या सुरू झाल्या, की त्या ओळी काढून टाकाव्यात.