अवकाशातील क्ष-किरण शोधकांचे ऊर्जा-अंशांकन

शोधकाने (डिटेक्टरने) नोंदवलेल्या विद्युत स्पंदावरून मूळ क्ष-किरण फोटॉनची ऊर्जा किती होती, हे ठरवणारे गणित तपासणे आणि वेळोवेळी दुरुस्त करणे म्हणजे ऊर्जा-अंशांकन. प्रक्षेपणापूर्वी प्रयोगशाळेत हे काम बारकाईने होते. पण कक्षेत गेलेला शोधक पुन्हा प्रयोगशाळेत आणता येत नाही, आणि पहिल्याच आठवड्यापासून तो बदलू लागतो.

सिलिकॉनच्या सीसीडीत, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्यासारख्या प्रतिमा टिपणाऱ्या चिपमध्ये, एक इलेक्ट्रॉन-विवर जोडी (मोकळा इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा) तयार व्हायला सरासरी सुमारे 3.65 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. म्हणजे 5.9 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन साधारण 1600 इलेक्ट्रॉन मोकळे करतो. हा विद्युतभार एकेका ओळीतून सरकत वाचन-टोकापर्यंत जातो. प्रोटॉनांच्या माऱ्याने स्फटिकजालकात दोष निर्माण झाले, की वाटेतले काही इलेक्ट्रॉन तिथे अडकतात. दर टप्प्याला दहा हजारांत एक इतकीच गळती धरली, तरी हजार ओळी ओलांडेपर्यंत जवळपास दहा टक्के भार मागे राहतो. त्यामुळे टोकापासून दूर पडलेला फोटॉन आहे त्याहून कमी ऊर्जेचा वाटतो. ऊर्जेत एक टक्का चूक किरकोळ वाटेल. पण लोहाच्या 6.7 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर्णपटरेषेत ती राहिली, तर उगमस्थान सेकंदाला 3000 किलोमीटर वेगाने दूर चालले आहे, असा खोटा निष्कर्ष निघू शकतो.

याचा धडा अमेरिकेच्या 'चंद्रा' क्ष-किरण वेधशाळेला 1999 मध्ये फार लवकर मिळाला. पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांतून जाताना कमी ऊर्जेचे प्रोटॉन आरशांवरून परावर्तित होऊन थेट शोधकावर पोहोचले आणि समोरून प्रकाशित होणाऱ्या सीसीडींची वर्णपटीय क्षमता बरीच घटली. तेव्हापासून पट्ट्यांतून जाताना या सीसीडींचा कॅमेरा केंद्रबिंदूवरून बाजूला सरकवला जातो. जपानच्या 'सुझाकू' या क्ष-किरण उपग्रहावर 2006 पासून वेगळी युक्ती वापरली गेली. ठराविक अंतरावरच्या ओळींत मुद्दाम भार सोडायचा, म्हणजे इलेक्ट्रॉन अडकवणारे दोषांचे सापळे आधीच भरतात आणि खऱ्या संकेताचे नुकसान कमी होते. 'स्विफ्ट' उपग्रहाच्या क्ष-किरण दुर्बिणीचा विद्युत शीतक सुरुवातीलाच निकामी झाला, म्हणून तिथे गेन (ठरावीक ऊर्जेला किती मोठा स्पंद मिळतो ते प्रमाण) सीसीडीच्या तापमानानुसारही मोजावी लागते.

वायू भरलेले शोधक वेगळ्या रीतीने म्हातारे होतात. 2015 मध्ये प्रक्षेपित झालेल्या भारताच्या 'ॲस्ट्रोसॅट'वर झेनॉनभरित प्रमाणी गणित्रांचे (ऊर्जेच्या प्रमाणात स्पंद देणाऱ्या शोधकांचे) तीन संच होते. त्यांपैकी एकातून वायू हळूहळू गळू लागला. दाब उतरला की त्याच व्होल्टेजला गेन वाढते, म्हणून व्होल्टेज अधूनमधून कमी करावे लागले.

खरी अडचण मात्र मोजपट्टीची आहे. बहुतेक यानांत लोह-55 चा किरणोत्सारी स्रोत बसवतात. त्याची मँगनीजची 5.9 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा हा हक्काचा संदर्भ. पण त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे 2.7 वर्षे आहे, त्यामुळे पंचवीस वर्षांत त्याची तीव्रता पाचशेव्या हिश्श्याच्याही खाली जाते. शोधक जितका जुना, म्हणजे तपासणीची गरज जितकी मोठी, तितका हा दिवा मंद. मग आकाशाकडे वळावे लागते. लघु मॅगेलन मेघातील ई0102 या अतिनवताऱ्याच्या (सुपरनोव्हाच्या) अवशेषाच्या वर्णपटात ऑक्सिजन आणि निऑनच्या ठळक रेषा आहेत, आणि अनेक मोहिमा त्याचेच एक प्रमाण प्रारूप वापरतात. क्रॅब अभ्रिका तर इतकी विश्वासाची, की क्ष-किरण तेजाचे एकक तिच्या नावाने चालते. पण 2008 ते 2010 दरम्यान तीच सुमारे सात टक्क्यांनी मंदावल्याचे दिसले. अनेक यानांनी एकाच वेळी तोच उतार नोंदवला, म्हणूनच दोष शोधकांचा नसून अभ्रिकेचा आहे, हे पटले.

ऊर्जामापन आणि संवेदनक्षमता या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. 'चंद्रा'च्या प्रकाशरोधक गाळणीवर मुख्यतः कार्बनयुक्त थर साचत गेला आहे. तो एक किलोइलेक्ट्रॉनव्होल्टखालचे फोटॉन गिळतो. उरलेल्यांची ऊर्जा बदलत नाही. तरी वर्णपटाचा अर्थ लावताना दोन्ही दुरुस्त्या एकत्रच लागू होतात, आणि त्या निरीक्षणाच्या तारखेनुसार बदलतात. त्यामुळे जुनी निरीक्षणे नव्या अंशांकन-फायली घेऊन पुन्हा प्रक्रियेतून काढणे हा या क्षेत्रातला नेहमीचा उद्योग आहे.

वेगवेगळ्या यानांची मापने जुळवण्यासाठी 2006 पासून एक आंतरराष्ट्रीय गट काम करतो. मतभेद संपलेले नाहीत. अतिउष्ण दीर्घिकासमूहांचे तापमान 'चंद्रा'च्या मापनात युरोपच्या 'एक्सएमएम-न्यूटन' वेधशाळेपेक्षा सातत्याने जास्त येते.